भिडू

आमच्या नांदगाव पेठचं नाव काढलं, की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, "टोलनाका आहे तेच ना?" अमरावतीहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात हा नाका लागतो. पूर्वी निदान सुट्टे पैसे परत मिळेपर्यंत तरी लोक आमच्या गावाकडे पाहत असत. आता काचेवरच्या पट्टीतून पैसे परस्पर जातात, दांडा वर होतो आणि गाव मागे पडतं. अशा गावात सेवानिवृत्त माणसाने संध्याकाळी करायचं काय? आम्ही चौघे माझ्या ओट्यावर मेंढीकोट खेळतो.

मेंढीकोट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसं चार, समोरासमोर बसतात ते भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. चारही एकाच बाजूला आल्या की कोट. भिडू ठरवायला पानं ओढावीत असा संकेत आहे, पण आम्ही तो कधी पाळला नाही. पहिल्या दिवशी भाऊ आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसला, आणि गेली एकोणीस वर्षं तो तिथेच बसतो. भाऊ म्हणजे माझा ऑफिसातला सोबती. त्याला सगळं गाव भाऊच म्हणतं. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही उखाण्यापुरतंच आठवत असावं.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली. इंजिनीअरिंगला असते. दोन दिवस तिने आमचा खेळ पाहिला आणि निकाल दिला, "आबाजी, तुमच्या गेममध्ये काही थ्रिलच नाही. शफल करा ना!"

"रोज पिसतो की!" मी म्हणालो.

"पत्ते नाही हो. टीम!"

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात 'बिग बॉस' पाहिलं जातं. तसं आमचं घर सुसंस्कृत आहे, बातम्याही पाहतो. पण 2019 साली आमच्या अमरावतीचा शिव ठाकरे 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात गेला, आणि "आपला पोरगा आहे" एवढ्या भांडवलावर आमच्या हिने ती मालिका पाहायला घेतली. 1 सप्टेंबरला तो जिंकला, त्या रात्री हिने गोडाचा शिरा केला. माझ्या पदोन्नतीच्या दिवशी केला होता त्यापेक्षा तूप जास्त होतं.

या खेळाचा मूळ पुरुष हॉलंडचा. 1999 साली तिथे 'बिग ब्रदर' सुरू झालं, 2006 मध्ये ते हिंदीत आलं आणि 2018 मध्ये मराठीत. माणसं एका घरात कोंडायची, बाहेरचं जग बंद करायचं आणि एकमेकांना बाहेर काढायला लावायचं. आमच्याकडे एकत्र कुटुंबात हे शतकानुशतकं चालत आलं आहे, फक्त कॅमेरे नव्हते.

यातली खरी गंमत टोळ्यांची. घरात पाऊल टाकल्यापासून आठवड्याभरात दोन तट पडतात. मग बिग बॉस काय करतो, तर चिठ्ठ्या काढून नाहीतर हुकूम सोडून दोन्ही तटांतली माणसं मिसळून टाकतो. काल ज्याच्या ताटात जेवलात त्याच्याविरुद्ध आज दोरी ओढा. परदेशातल्या 'सर्व्हायव्हर'मध्ये हा शोध 2001 साली लागला. मोठी टोळी छोट्या टोळीला रोज एकेक करून संपवायची आणि पाहणारे कंटाळायचे. तेव्हा चालकांनी मध्येच दोन टोळ्यांतली माणसं इकडची तिकडे केली. माणसाची निष्ठा किती दिवस टिकते हे पाहण्यापेक्षा ती किती लवकर तुटते हे पाहायला लोकांना अधिक आवडतं, हे त्या चालकांनी बरोबर ओळखलं.

आता प्रश्न असा, की चिठ्ठीने मिळालेल्या भिडूशी इमान राखायचं की नाही? हसू नका, हा प्रश्न पार कुरुक्षेत्रापासूनचा आहे. युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभं राहून विचारलं, की कुणाला आमच्या बाजूला यायचंय का? म्हणजे शफलच की! धृतराष्ट्राचा मुलगा युयुत्सू निघून आला. कर्णाला तर खुद्द कृष्णाने सांगितलं होतं, की तू पांडवांचा थोरला भाऊ आहेस, इकडे ये. तो गेला नाही. युयुत्सू न्यायाच्या बाजूला गेला, युद्धातून वाचला, आणि त्याचं नाव कुणाला आठवत नाही. कर्ण चुकीच्या बाजूला राहिला, मारला गेला, आणि त्याच्यावर मराठीत नाटकं-कादंबऱ्या निघताहेत. आपल्याला न्याय आवडतो, पण भिडू सोडून गेलेला आवडत नाही.

राजकारणात हे कोडं आपण अंकगणिताने सोडवलं. 1967 साली हरियाणातल्या गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आणि देशाला 'आयाराम गयाराम' हा शब्द मिळाला. 1985 मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. एकटा गेला तर आमदारकी जाणार. मात्र एकतृतीयांश मिळून गेले तर ती फूट, आणि फुटीला मुभा. 2003 मध्ये ही सवलत काढली, पण दोनतृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर अजून चालतं. एकट्याने केलं तर पाप आणि घोळक्याने केलं तर धोरण, हे तत्त्व आम्हाला शाळेत असतानाच ठाऊक होतं. अख्खा वर्ग गैरहजर राहिला की मास्तर छडी कुणाला मारणार?

आमच्या लहानपणी भिडू निवडायची रीत फार सुरेख होती. दोन-दोन पोरं जोडीने लांब जायची, आपापली गुप्त नावं ठरवायची, एक वाघ, एक सिंह, आणि येऊन दोन्ही म्होरक्यांना विचारायची. म्होरक्याने सिंह मागितला की सिंह मिळायचा. तो सिंह नाक पुसत उभा असला तरी तक्रार नाही. अगदीच बारका असेल तो लिंबू-टिंबू. त्याला बाद करायचं नाही आणि खेळातून काढायचंही नाही. टीव्हीवरच्या घरात जो कच्चा, त्याचं नाव सगळ्यांत आधी. अपवाद सूरज चव्हाणचा. बारामतीकडच्या मोढवे गावचा पोरगा. याला खेळच कळत नाही असं घरातले म्हणत राहिले आणि 2024 साली लोकांनी त्यालाच जिंकवलं. बाहेरचे मतदार बहुधा एकेकाळचे लिंबू-टिंबू असावेत.

शिव 2022 साली हिंदी 'बिग बॉस'मध्ये गेला आणि त्याच्या टोळीला नाव पडलं 'मंडळी'. शिव, पुण्याचा एमसी स्टॅन, साजिद खान, ताजिकिस्तानचा अब्दू, निम्रित, सुंबुल. सलमान खानच्या तोंडी 'मंडली' ऐकलं की आमच्या हिला मराठी भाषेला राजमान्यता मिळाल्याचं समाधान वाटे. 12 फेब्रुवारी 2023 च्या रात्री शेवटी उरले ते मंडळीतलेच दोघे, शिव आणि स्टॅन. स्टॅन जिंकला. शिवने त्याला मिठी मारली. हिने त्या रात्री शिरा केला नाही, पण डोळे पुसले. म्हणाली, "पहा, याला दोस्ती म्हणतात."

"की डाव?" मी म्हणालो. कारण चार महिने एकमेकांना धरून राहिल्यामुळेच दोघे शेवटपर्यंत पोचले होते. दोस्ती उपयोगी पडली म्हणून ती खोटी ठरते का?

नातीने यावरही उत्तर आणलं. अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड नावाच्या प्राध्यापकांनी 1980 च्या सुमारास संगणकांची स्पर्धा लावली. प्रत्येक डावात दोनच चाली, समोरच्याला साथ द्या नाहीतर दगा द्या. जगभरच्या विद्वानांनी घातकी युक्त्या धाडल्या. जिंकली सगळ्यांत छोटी युक्ती: आधी साथ द्यायची, मग समोरचा करील तसं करायचं. जशास तसे. पण मला आवडली ती पुढची गोष्ट. पहिल्या स्पर्धेत डाव दोनशेच आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरीत शेवटचा डाव कोणता ते आधी सांगितलंच नाही. कारण शेवट ठाऊक असला की शेवटच्या डावात दगा द्यावासा वाटतो. तो देणार म्हणून त्याच्या आधीच्यातही द्यावासा वाटतो. आणि असं मागे मागे येत पहिल्याच दिवशी माणूस सुरी पाजळून बसतो.

बिग बॉसच्या घरात हेच होतं. शंभरावा दिवस भिंतीवर लिहिलेला. आमच्या नांदगाव पेठला फिनाले नाही. इथे आज कुणाला दगा दिला, तर उद्या सकाळी दूध आणताना तोच समोर. मी हे मोठ्या ऐटीत नातीला सांगितलं. भाऊ शेजारी बसून ऐकत होता. टीव्हीवर एकेक जण आतल्या बंद खोलीत जाऊन, कुणाला बाहेर काढायचं त्याचं नाव सांगत होता.

भाऊ हळूच म्हणाला, "हे आपल्या सायबाच्या केबिनवानी दिसते, नाही?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

गोष्ट 1986 ची. आम्ही दोघे अमरावतीच्या एका ऑफिसात. एकाला मेळघाटात धारणीला पाठवायचं ठरलं. साहेबांनी दोघांना वेगवेगळं केबिनमध्ये बोलावलं. मी सांगितलं, "भाऊला पाठवा साहेब. त्याची मुलं लहान आहेत, शाळेचं अडणार नाही. शिवाय त्याला जंगलाची आवड आहे." भाऊची जंगलाची आवड म्हणजे त्याच्या घरी वाघाचं कॅलेंडर होतं. माझी मुलगी दहावीला होती, आणि मी घाबरलो होतो. भाऊ तीन वर्षं धारणीला राहिला. त्या तीन वर्षांत त्याची आई गेली. तार मिळून, सेमाडोहच्या घाटातून एस.टी.ने तो नांदगावला पोचला तोवर आम्ही अंत्यविधी उरकून परतलो होतो. खांदा देणाऱ्यांत मी होतो.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. हिलासुद्धा नाही.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं. एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून एकदम वऱ्हाडी आली.

"सायबानं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मंग बोलला काहून नाहीस?"

"बोललो असतो तं पत्ते कोनासंगं खेळलो असतो, बे?" भाऊने चहाचा घोट घेतला. मग टीव्हीकडेच पाहत म्हणाला, "अन् म्या बी तुयंच नाव सांगतलं होतं. सायबाले तुयं अक्षर पाह्यजे होतं, म्हनून तू वाचला."

आता गेले पंधरा दिवस मी या वाक्याभोवती घिरट्या घालतो आहे. हे खरं असेल तर आमची फिटंफाट झाली; दोघेही सारखेच घाबरट, दोघांनीही एकच चाल केली. पण साहेब माझ्या अक्षराबद्दल कधी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. उलट एकदा त्यांनी माझी टिपणी कंपाउंडरकडून वाचून आणा म्हणून सांगितलं होतं. मेंढीकोटात भिडूची मेंढी वाचवण्यासाठी माणूस हातचा मोठा हुकूम मुकाट्याने टाकतो. भाऊने त्या संध्याकाळी तेच केलं की काय, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

नात मात्र आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग आबाजी, उद्यापासून टीम शफल करायची का?"

भाऊने पत्त्यांचा जोड तिच्यापुढे सरकवला.

"पानं पिस, बाई," तो म्हणाला आणि नेहमीसारखा माझ्यासमोर येऊन बसला.