‘बरा होता’ याच्या पुढे

घरी सिनेमा पाहून माणसं जे सहज बोलतात त्याला कुणी समीक्षा म्हणत नाही, आणि मला ते बोलणं त्यामुळेच मोलाचं वाटतं. सिनेमा संपतो, कुणी पाणी प्यायला उठतं, कुणी गाद्या घालायला लागतं, आणि त्या गडबडीत एखादं वाक्य निघून जातं. त्याचा जाब कुणी विचारणार नसतो. एरवी मोठ्यांसमोर तोंड न उघडणारी माणसंसुद्धा तेवढ्या पाच मिनिटांत मोकळी होतात.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरसारख्या गावात ही मोकळीक तशी अलीकडची आहे. आधी सिनेमा म्हणजे मालेगाव, वाशीम, नाहीतर थेट अकोला. जायचे ते बहुतेक पुरुष, आणि सिनेमा चांगला की वाईट हेही तेच येऊन सांगायचे. घरात राहिलेल्यांना न पाहिलेल्या सिनेमावर मत कुठून असणार? दूरदर्शनच्या रविवारच्या सिनेमाने थोडा फरक पडला. आता टीव्हीवर आणि मोबाइलवर सिनेमा घरातच आला, आणि ज्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं ती माणसं पहिल्यांदा प्रेक्षक झाली.

जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ आम्ही घरीच पाहिला. सिनेमा आपल्या विदर्भातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. कलावंत बहुतेक गावातलीच माणसं. सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरी एकामागून एक स्थळं येताहेत. पाट मांडला जातो, पोहे होतात. नाव काय, उंची किती, विषय कोणता, हेच प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने. मग नकार येतो. इकडे बापाचा कापूस भावाची वाट पाहत पडून. सिनेमा सुरू होतो तो उलट्या प्रसंगाने: मुली बसल्या आहेत आणि मुलगा पाहायला आणलाय. तिथे आम्ही सगळेच हसलो. पुढे हसू हळूहळू कमी होत गेलं.

संपल्यावर घरातले मोठे म्हणाले, “बरा होता, पण तेच ते दाखवलं.” त्यावर वहिनी चादर झटकता झटकता म्हणाली, “तेच ते रायते. मले तर सात जणांनी उंची इचारली होती.” लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिनेही ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. सिनेमाबद्दल बोलता बोलता ते आलं, म्हणूनच येऊ शकलं. सविताच्या आडून बोलता येतं, आणि नंतर कुणी टोकलंच तर ‘मी त्या पोरीचं म्हणत होते’ असं म्हणायची सोय राहते. मला ही सोय फार मोठी वाटते. ज्या पुनरावृत्तीची समीक्षक सिनेमाचं तंत्र म्हणून एका वाक्यात नोंद करतील, ती वहिनीने अंगावर झेललेली होती.

सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) या सिनेमाचंही असंच. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका नवऱ्याच्या वागण्यावर नजर ठेवू लागते. तो एकटा राहू नये म्हणून पोराला त्याच्या मागे धाडते, त्याला बरं वाटावं म्हणून गोडधोड करते. पश्चिम विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची आकडेवारी निघाली की वाशीमचं नाव त्यात असतंच. पण ‘तुम्ही बरे आहात ना?’ हा प्रश्न कुठल्या बाईने नवऱ्याला सरळ विचारावा? आमच्याकडे आजी सिनेमा पाहून एवढंच बोलली, “तिनं बरं केलं, पोरगं मांग धाडलं.” शेतात वाकून आयुष्य गेलेल्या बाईचं हे मत आहे. त्याला तारे देता येत नाहीत.

सहज मतांत काय येत नाही, तेही पाहिलं पाहिजे. 2016 मध्ये ‘सैराट’ आला, पुढे घरोघरी पुन्हा पुन्हा पाहिला गेला. गाण्यांवर किती बोललो आपण! आर्चीच्या बुलेटवर बोललो, परश्याच्या विहिरीतल्या उडीवर बोललो. शेवटावर, त्या आवाज नसलेल्या मिनिटांवर, किती घरांत बोलणं झालं? ‘शेवट वाईट केला’ म्हणून विषय मिटवला गेला. जात घरातच बसलेली असते, तिच्यावर सहज बोलता येत नाही. मला वाटतं, आपल्या गप्पांचा खरा कस तिथे लागतो.

‘स्लो आहे’ हे दुसरं मिटवून टाकणारं मत. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला 2020 साली व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. आमच्याकडे तो अर्ध्यात बंद पडला. नायक रात्री रिकाम्या रस्त्यांवरून गाडी चालवतो आणि कानात गुरूच्या गुरूचं बोलणं चालू असतं. ज्याला कष्ट करूनही गाणं साधत नाही त्याच्या आयुष्याचा वेगच तो आहे. थिएटरात माणूस बसून राहतो, घरी हातात दुसरा मोबाइल असतो. मत कसंही असो, पण सिनेमा पूर्ण पाहून द्यावं, याबाबत मी हट्टी आहे.

एकाच गोष्टीवर दोन मतं असणं आमच्याकडे नवं नाही. आमचं गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. त्या एका मूर्तीच्या पूजेवरून दिगंबर आणि श्वेतांबर जैनांमधला वाद ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1981 पासून मंदिराला कुलूप होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2023 च्या मार्चमध्ये निघालं. श्रद्धेची आणि सिनेमाची बरोबरी मी करत नाही. पण एकच रूप दोघांना दोन तऱ्हांनी दिसतं आणि दोघंही मनापासून बोलत असतात, हे शिरपूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वाद मोठा झाला की वकील येतात, तारखा पडतात. वेगळं मत ऐकून घेण्याची सवय त्याआधी, काही पणाला लागलेलं नसताना, कुठेतरी लागायला हवी. सिनेमावरून घरात झालेल्या वादात शेताचा बांध जात नाही की नातं तुटत नाही. सून सासऱ्यांना ‘नाही, मला तसं वाटलं नाही’ म्हणू शकते, आणि सासऱ्यांना ते ऐकून घेता येतं.

म्हणून आमच्याकडे आता आधी धाकट्यांना बोलू देतात. मोठ्यांनी एकदा ‘टाइमपास’ म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही, हे ध्यानात आलं होतं. पुतणीचं म्हणणं, ‘स्थळ’मधला बाप दोषी आहे; कापूस विकला जाईपर्यंत तरी त्याने पोरीला परीक्षा देऊ द्यायची होती. आजोबांना तो पटतो. त्यांनी तीन पोरी उजवल्या आहेत, भाव पडलेलाही पाहिलाय. दोघांचं अजून जमलेलं नाही. पण पुतणीने आता कानात इअरफोन घालून एकटीने सिनेमे पाहायला सुरुवात केली आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची. तिची मतं आणखी धारदार होतील, यात शंका नाही; पण ती आजोबांच्या कानावर पडायला हवीत. या शनिवारी मी तिला मोठ्या टीव्हीवर काय लावायचं ते निवडायला सांगितलंय.