सारथ्य आणि पितृत्व

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका पित्याच्या प्रश्नाने होतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. धृतराष्ट्र संजयाला युद्धाची वार्ता विचारतो, आणि त्या प्रश्नातच ‘माझे’ व ‘पांडूचे’ असा भेद करून बसतो. त्याचे पुत्रावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या प्रेमात मोह मिसळला होता, आणि मोहाला पुत्राचे हित दिसत नाही, केवळ आपले ममत्व दिसते.

कन्या बारावी उत्तीर्ण होते आणि ‘आता कोणत्या महाविद्यालयात?’ हा प्रश्न घरात येतो, तेव्हा हाच मोह सात्त्विक वस्त्रे लेवून पुढे येतो. इंदूरच्या एखाद्या मराठी कुटुंबातील कन्येला रसायनशास्त्र शिकण्यासाठी पुण्यास किंवा दिल्लीस जावयाचे असते. पिता म्हणतो, “बाळ, येथेही महाविद्यालये आहेत, एवढ्या दूर कशाला?” हे वचन तिच्या विद्येच्या काळजीतून निघाले की घर रिते होईल या भयातून, हे त्याने एकान्तात स्वतःस विचारावे. उत्तर बहुधा सुखद नसते.

भागलपूरचे मुख्याध्यापक ब्रजकिशोर बसू यांची कन्या कादंबिनी कलकत्त्याच्या बेथून महाविद्यालयात शिकली आणि १८८३ मध्ये चंद्रमुखी बसू यांच्यासह पदवीधर झाली. पुढे ती वैद्यकही शिकली. त्या काळी कन्येला शिकू देणाऱ्या पित्याला लोकनिंदेचे भय किती असेल! आजच्या पित्यासमोर त्यामानाने भय थोडे, पर्याय मात्र फार. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी सामाईक परीक्षा आहे. त्यामुळे एका परीक्षेने अनेक नगरांची द्वारे उघडतात.

मग पित्याचे कर्तव्य कोणते? ते अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात सापडते. सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला सांगतात की याचा संपूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. साक्षात् ईश्वर जेथे आज्ञा करीत नाही, तेथे पित्याने हट्ट धरावा काय? मात्र ‘संपूर्ण विचार’ या शब्दांचा भार मोठा आहे. शुल्क किती व घरची शक्ती किती, वसतिगृह कसे, प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती उपकरण येते की ते कपाटातच राहते, हे सारे कन्येपुढे मोकळेपणाने ठेवावे. ऋण काढावे लागणार असेल तर तेही लपवू नये. लपविलेल्या माहितीवर दिलेले स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे.

यावर कोणी म्हणेल, पित्याने मग मौनच धरावे काय? तसेही नाही. त्या श्लोकानंतर लगेच भगवान पुन्हा बोलतात. तू मला प्रिय आहेस म्हणून तुझ्या हिताचे सांगतो, असे म्हणून आपल्या अंतरीचे परम वचन सांगतात. पित्यानेही आपले मत अवश्य सांगावे, परंतु स्वातंत्र्य दिल्यानंतर. ते हिरावून घेण्यासाठी नव्हे.

आणि निर्णय अर्जुनाचा होता म्हणून श्रीकृष्ण रथावरून उतरले नाहीत. पुढे अठरा दिवस लगाम त्यांच्याच हाती होते. कन्येने पित्याच्या मताविरुद्ध दूरचे महाविद्यालय निवडले, आणि पहिल्याच सत्रात तिचे मन खचून रात्री दूरध्वनी आला, तर ‘मी आधीच सांगितले होते’ हे शब्द गिळून पित्याने इतकेच विचारावे, “जेवलीस का, बाळ? मी येऊ का?”