गवताची काडी आणि कर्माचे माप



महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. मौनव्रत धरून बसलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोरांनी चोरीचा माल लपविला. राजाच्या शिपायांनी विचारणा केली तेव्हा ऋषी बोलले नाहीत, आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविण्यात आले. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला, की असे कोणते पाप माझ्या हातून घडले होते? यमधर्माने उत्तर दिले, की बालपणी आपण एका कीटकाला गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ. ऋषी संतप्त झाले. एवढ्याशा कृत्याला एवढा दंड, आणि तोही अजाण वयातील कृत्याला? त्यांनी यमधर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला, आणि तोच विदुराच्या रूपाने जन्मास आला. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेले कृत्य पाप गणले जाणार नाही, अशी मर्यादाही ऋषींनी घालून दिली.

विदुराच्या जन्माचे कारण म्हणून ही कथा सांगितली जाते आणि निरूपण पुढे सरकते. मला मात्र तिच्यातील वाद अधिक मोलाचा वाटतो. यमधर्माच्या बाजूने म्हणता येईल, की काडी लहान होती खरी, परंतु जिला ती टोचली त्या जिवाची वेदना लहान नव्हती. ऋषींचे म्हणणे असे, की कर्त्याला समज किती होती हे पाहिल्यावाचून न्याय होत नाही. चौदा वर्षांची मर्यादा घातल्याने मुलांपुरता प्रश्न सुटला. मोठ्यांचा तसाच राहिला.

हा प्रश्न पुराणापुरताच असता तर या पुस्तिकेत त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु २०१७ सालचा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या स्मरणातून जाणारा नाही. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन नळी वर धरूनच फवारणी करावी लागे, आणि उडालेला तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर, नाकातोंडात येई. कीटकनाशकाच्या विषबाधेने जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृतांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणीस गेलेले मजूरही होते. (आपल्याकडे या विषाला सर्वजण ‘औषध’च म्हणतात. शब्दाची सवयही मनुष्याला बेसावध करते.)

शासनाने विशेष तपास पथक नेमले, चौकश्या झाल्या. त्यांच्या तपशिलात येथे शिरावयाचे नाही. पण अशा फवारणीत किती हातांची किती लहान लहान कृत्ये एकत्र येतात, हे पाहण्यासारखे आहे. दोन औषधे मिसळून मारा, असे दुकानात कोणी सहज सांगतो. डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना कोणी वाचीत नाही. वाऱ्याची दिशा पाहिली जात नाही. एवढे तास आजच उरकून टाका, असे कोणी बांधावरून ओरडतो. यांपैकी कोणाच्याही मनात कोणाचा जीव घ्यावा असे नसते. प्रत्येकाची काडी गवताचीच असते.

‘माझा हेतू वाईट नव्हता’ हे उत्तर मांडव्य ऋषींनी बालकांसाठी राखून ठेवले आहे; ज्याला कळते, किंवा थोडे विचारले असते तर कळले असते, त्याला ते पुरे पडत नाही, असे माझे नम्र मत आहे. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. लहान कृत्यांचे महत्त्व सांगता सांगता सारा दोष सर्वांत लहान माणसाच्या माथी मारणे फार सोपे असते. हातमोजे घातले नाहीत म्हणून मजूर गेला, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या उकाड्यात मोजे घालून दिवसभर फवारणे कसे असते, आणि मुळात ते मोजे त्याला कोणी दिले होते काय, हे विचारीत नाही. ज्याच्याजवळ जाण आणि अधिकार जास्त, त्याच्या काडीचे वजनही जास्त धरले पाहिजे. राजाने ऋषींना सुळावर चढविले तेव्हा त्यानेही एक साधी आज्ञाच केली होती.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच संत गाडगे महाराज, गावात शिरले की खराटा घेऊन रस्ता झाडावयास लागत आणि रात्री कीर्तन करीत. झाडलेला रस्ता उद्या पुन्हा घाण होणार, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? असलेच पाहिजे. तरी ते झाडीत राहिले, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणी संकोचाने, कोणी प्रेमाने हात लावू लागला. भाकरी हवी तर आधी काम, हा नियम त्यांनी स्वतःस लावून घेतला होता. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठीही झाली. तेथे रात्री पाठ टेकणाऱ्याला हे छप्पर कोणाच्या पैशाने झाले हे माहीत नसते, आणि पैसा देणाऱ्यालाही तेथे कोण झोपले ते कळत नाही. महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी गेले.

देणगीदार बंधुभगिनींना सांगताना थोडा संकोच वाटतो, परंतु संगमरवरी पाटीवर नावाची अक्षरे केवढी असावीत, याविषयी कार्यालयात पत्रे येतात. पाणपोईची तोटी गळते आहे, असे कळविणारे पत्र क्वचितच येते. हे दुसरे पत्र मी जपून ठेवतो आणि त्याच दिवशी कारागिराला बोलावतो.

भक्तनिवासात काही मंडळी पहाटे निघताना खोली झाडून, बादली पालथी घालून आणि चटई गुंडाळून जातात. त्यांच्यानंतर त्या खोलीत कोण उतरले, लहान मूल घेऊन आलेली माउली की काठी टेकत आलेले आजोबा, हे त्यांना कधीच समजत नाही. नोंदवहीत आम्ही दोन्ही नावे एकाखाली एक लिहितो.