लादी पावाचा धूर

मुंबईची हवा बिघडली की आपण मोबाईलवर हवेच्या निर्देशांकाचा (एक्यूआय) आकडा बघतो. दोनशेच्या वर गेला की महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो आणि कोपऱ्यावर जाऊन वडापाव घेतो. त्या पावाचा आणि त्या आकड्याचा काही संबंध असेल, हे डोक्यातही येत नाही.

आकडा वर चढवण्यात मोठा हात असतो अडीच मायक्रॉनच्या कणांचा. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा हा कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातो. आपल्याकडे त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मात्र 5 सांगते. तो मोजायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं आहेत, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' ही यंत्रणा आहे. मोजणं त्यातल्या त्यात सोपं. कारण मोजल्याने कुणाचा धंदा अडत नाही.

अडचण येते ती आळा घालताना. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने धूळ रोखायला बांधकामांसाठी नियम काढले. 70 मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती किमान 35 फूट पत्रा, इमारतीला हिरवं कापड, राडारोड्यावर पाणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुतलेली. कागदावर चोख. पण चाकं धुतली की नाही हे बघायला रात्री फाटकावर माणूस उभा राहावा लागतो, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

बेकऱ्यांचं प्रकरण याहून अवघड. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या. अनेक भट्ट्यांत जळतं ते भंगारातलं लाकूड : मोडक्या दारांची फळकुटं, जुन्या फर्निचरचे तुकडे, वरच्या रंग-पॉलिशसकट. स्वस्त म्हणूनच जळतं. पाव स्वस्त राहतो तो त्याच जोरावर. धूर मात्र वस्तीच्या छातीत, आणि सगळ्यात आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या.

बेकरीवाल्याला नुसती नोटीस देऊन भागणार नाही. भट्टी बदलायला भांडवल लागतं, गल्लीपर्यंत गॅसची पाइपलाइन यावी लागते. ते काम महापालिकेचं आणि सरकारचं, तिथे त्यांना धारेवर धरायलाच हवं. पण थोडा भार गिऱ्हाइकावरही येणार. तेव्हा लादीमागे दोन-चार रुपये वाढले तर लगेच हुज्जत घालू नका. आधी भट्टी कशावर चालते, तेवढं विचारा.