सीमा-अटी

स्टेंटचं काँप्युटरवर मॉडेल करायला बसलं की सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते हे, की जग कुठे संपवायचं. धमनीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं पक्की बांधायची, आत चरबीचा आणि कॅल्शियमचा थर बसवायचा आणि फुग्यावर आवळलेली धातूची जाळी त्यात फुगवायची. टोकं कशी बांधली, रक्त किती वेगानं आत सोडलं, या झाल्या सीमा-अटी. त्या निसर्ग देत नाही, आपण देतो. गणित फसलं की मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

पोटापाण्यासाठी मी हेच काम करतो. गाव मूल तालुक्यातलं, नातेवाईक वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे निम्मे चंद्रपूर जिल्ह्यात, निम्मे गडचिरोलीत. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ गणिताचा वाटेनासा झाला आहे.

काम सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. जाळीच्या काड्या एके काळी १४० मायक्रॉन जाड असत, आता ६० ते ८० वर आल्यात. माणसाच्या केसाच्या आसपास. काडी बारीक केली की धमनीच्या भिंतीला कमी इजा होते, रक्ताचा प्रवाह कमी अडखळतो; पण फार बारीक केली तर जाळी दबते. दहा वर्षांत हृदयाचे जवळजवळ ४० कोटी ठोके पडतात, तेवढे सोसूनही काडी तुटता कामा नये. या ओढाताणीत महिने जातात, आणि खरं सांगायचं तर मजेत जातात.

आता सीमेबाहेर बघू. 'हृदयरोग शहरातल्या खात्यापित्या लोकांचा' असं आमच्याकडे अजून म्हणतात. ते मला पटत नाही. 'सर्च' संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण पक्षाघात निघालं. तोही रक्तवाहिन्यांचाच आजार, हृदयविकाराचा सख्खा भाऊ. रक्तदाब आणि तंबाखू हे दोघांचेही वाटाडे. आणि आमच्याकडे खर्रा पानठेल्यावरच मिळतो असं नाही, तो खिशातच असतो.

स्टेंट जीव वाचवतो तो मुख्यतः ऐन झटक्यात. छातीत दुखणं स्थिर असेल, तर औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्यानं मृत्यू किंवा झटके कमी होत नाहीत, हे २००७च्या 'करेज' चाचणीत २,२८७ रुग्णांवर दिसलं. झटक्यात मात्र वेळेचा हिशेब असतो: निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्या, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. पर्लकोटेला पूर आला की भामरागडच तुटतं, असे किती पावसाळे गेले. तिथल्या माणसासाठी माझे वाचवलेले दहा मायक्रॉन कुठे लागू पडतात? त्याच्या कामाचं ते इंजेक्शन, ईसीजी वाचणारं कुणीतरी आणि चालू स्थितीतली गाडी.

यावर सहकारी म्हणतात, अरे, रस्ते बांधणं तुझं काम नाही. ज्यानं त्यानं आपापलं नीट करावं. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. दुसऱ्याच्या कामात लुडबुड करून आपलं बिघडवणारे पुष्कळ पाहिलेत. किमतीचा प्रश्नही असाच दुसऱ्यांनी सोडवला. फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी लेप असलेल्याला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्यासाठी एकाही इंजिनिअरला मॉडेल बदलावं लागलं नाही.

पण हा युक्तिवाद एका जागी अडतो. औषधी लेपाचा स्टेंट बसवला की पुढे सहा ते बारा महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज लागतात. लेपामुळे जाळीवर नवी पेशींची कातडी उशिरा धरते, आणि ती धरेपर्यंत उघड्या धातूवर गुठळी होण्याची भीती. गोळ्या मध्येच सुटल्या तर ती भीती वाढते. म्हणजे रोज न चुकता गोळी घेणारा, ती संपायच्या आत दुसरी आणू शकणारा माणूस आम्ही जाळीत आधीच गृहीत धरलेला आहे. त्याचं नाव मॉडेलमध्ये कुठे दिसत नाही, पण सीमा-अट म्हणून तो आहे. मग 'रस्ता माझ्या कक्षेत येत नाही' हे मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आणि हे गृहीतक बदलता येतं. २०१५च्या 'लीडर्स फ्री' चाचणीत रक्तस्रावाचा धोका असलेल्या २,४६६ रुग्णांना दोन गोळ्यांची जोडी एकच महिना दिली. निम्म्यांना साधा स्टेंट, निम्म्यांना पॉलिमरशिवाय औषध लावलेला. हा दुसरा जास्त सुरक्षितही ठरला आणि जास्त उपयोगीही. तो डिझाइनमध्ये आला, कारण रक्तस्राव होणारे म्हातारे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, कॅथ लॅबच्या टेबलावर होते. पुरामुळे ज्याच्या गोळ्या सुटतात तो त्या टेबलापर्यंत आला तरी परतल्यावर कुणाला दिसत नाही, आणि चाचणीच्या कागदावर त्याच्यासाठी रकानाही नसतो. सध्या मी एक महिन्याच्या गोळ्यांवर निभावेल अशा जाळीचं गणित मांडतोय. काडी थोडी जाड होते, आकडे तितके देखणे येत नाहीत, आणि आढावा बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो: हा रुग्ण कोण, आणि असे आहेत किती?