वस्त्राखाली शस्त्र बाळगावे काय?

सडक अर्जुनीकडील एका वाचकबंधूंनी आम्हांस लांबलचक पत्र लिहून एक प्रश्न केला आहे, आणि त्याचे उत्तर खाजगी रीतीने देऊन मोकळे होणे आम्हांस बरे वाटले नाही. हे बंधू धान्याचा लहानसा व्यापार करतात. दिवसभराचा वसूल पिशवीत घालून सायंकाळी कोहमाऱ्याहून आपल्या गावी दुचाकीने परतताना त्यांना काही अंतर जंगलातून जावे लागते. गेल्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर त्यांच्या ओळखीच्या एका माणसास दोघांनी अडवून मारहाण केली व त्याचे पैसे नेले. तेव्हापासून ह्यांची झोप उडाली आहे. परवाना काढून एखादे स्वस्तातले रिव्हॉल्व्हर घ्यावे, ते सदऱ्याखाली कमरेस लावावे आणि कोणास कळू देऊ नये, असे त्यांनी मनात योजिले आहे. नागपुरास एका दुकानात त्यांनी ते हातात धरून पाहिले, पुढे नेमबाजीच्या शिकवणीस जाऊन सहा गोळ्या झाडूनही पाहिल्या. सहांपैकी दोन कागदास लागल्या, असे ते प्रामाणिकपणे कळवितात. मग विचारतात, ‘ख्रिस्ती माणसाने असे करणे योग्य आहे काय? उत्तर होय असो वा नाही, परंतु गुळमुळीत नसावे.’

आपला जीव वाचविण्यासाठी हात उगारणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हा प्रश्न तसा जुनाच आहे आणि त्यावर आम्ही फार वेळ घालवीत नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात घर फोडणाऱ्या चोराविषयी नियम आहे. रात्री घर फोडताना सापडलेल्या चोरास मार लागून तो मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यावर तसे घडले, तर दोष आहे. अंधारात चोर काय हेतूने आला हे कळत नाही, मदतीस कोणी धावत नाही; उजेडात दोन्ही गोष्टी पालटतात. आपल्या देशाच्या कायद्यातही थेट हाच भेद राहिला आहे. १८६० च्या दंडसंहितेत रात्रीची घरफोडी निराळी मोजली होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या एक्केचाळिसाव्या कलमात सूर्यास्तानंतरची व सूर्योदयापूर्वीची घरफोडी असेच शब्द आहेत. ह्याच प्रकरणात आणखी दोन अटी आहेत. सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेण्यास वेळ असेल तेथे स्वसंरक्षणाचा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क कोणासच नाही. तेव्हा बंधूंनी हे जाणून असावे, की रिव्हॉल्व्हराचा परवाना म्हणजे गोळी झाडण्याचा परवाना नव्हे. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब उजेडात, न्यायाधीशापुढे द्यावा लागतो.

पण त्यांच्या पत्रातील ज्या शब्दांनी आम्हांस थांबविले, ते ‘कोणास कळू देऊ नये’ हे आहेत.

बंदूक ही आपल्या भागात काही नवी वस्तू नव्हे. रानडुकरांपासून धान वाचवावे, बिबट्या गोठ्याशी आला तर आवाज करून त्यास हाकलावे, म्हणून शेतकऱ्याच्या घरी परवान्याची ठासणीची बंदूक असे. तिला आपल्याकडे भरमार म्हणतात. ती भिंतीवर खुंटीस टांगलेली असे. गावातल्या पोरासोरांनाही कोणाच्या घरी ती आहे हे ठाऊक असे, पोलीस पाटलास ठाऊक असे, आणि बहुधा रानडुकरांसही ठाऊक असावे! ह्या उघडेपणातच तिचे भले होते. मालक दारू पिऊन रागावला तर शेजारी प्रथम त्या खुंटीकडे पाहत. असे असूनही शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत अनेक गावकऱ्यांनी आपल्या भरमार बंदुका आपण होऊन पोलिसांकडे जमा केल्या. पिकाच्या राखणीस घेतलेले हत्यार दुसऱ्याच्या हाती पडले तर ते कोणाची राखण करील ह्याचा भरवसा नसतो.

पवित्र शास्त्रातही उघडी तलवार व झाकलेली तलवार अशा दोन्ही आहेत, आणि त्यांच्या कथा एकमेकींहून फार वेगळ्या आहेत. नहेम्या यरुशलेमेचा तट बांधीत असता बांधणारांच्या कमरेस तलवारी होत्या. त्या सर्वांना दिसत होत्या, शत्रूलाही दिसत होत्या, व दिसाव्यात म्हणूनच त्या बांधल्या होत्या. नहेम्याजवळ कर्णा वाजविणारा उभा होता. जेथून कर्णा ऐकू येईल तेथे सर्वांनी धावून यावे असा ठराव होता. तलवारीपेक्षा त्यांचा भरवसा कर्ण्यावर, म्हणजे एकमेकांवर, अधिक होता असे आम्हांस वाटते. आता यवाबाची गोष्ट पाहा. तो अमासास ‘माझ्या बंधू, तू बरा आहेस ना?’ असे विचारतो, मुका घेण्यास उजव्या हाताने त्याची दाढी धरतो, आणि दुसऱ्या हातातील तलवारीकडे अमासाचे लक्ष नसते. एहूदाने मवाबाच्या राजास मारले तेही वस्त्राखाली उजव्या मांडीस बांधलेल्या सुरीने. एहूद हा इस्राएलाचा सोडविणारा म्हणून गणला आहे, हे आम्ही विसरत नाही. पण त्याचे काम राखणीचे नव्हते, घाताचे होते; आणि झाकलेले शस्त्र घातासच सोईचे पडते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसास ह्याची साक्ष शास्त्रात शोधण्याची गरज नाही. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीस प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींपुढे नथुराम गोडसे हात जोडून आला; त्याच्याजवळ लपविलेले बेरेट्टा पिस्तूल होते. नमस्कार आधी, गोळ्या मागाहून. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटना समितीत शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न निघाला. तो काढणारे हरि विष्णु कामत हे आपल्याच मध्यप्रांत व वऱ्हाडचे सभासद. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात व त्याच प्रांतात होता. कामतांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी लोकांस निःशस्त्र केले, त्याचा संताप साऱ्या देशात होता, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलाही होता. तरी डॉ. आंबेडकरांनी ती सूचना मान्य केली नाही. प्रत्येक नागरिकास सरसकट असा मूलभूत हक्क दिला तर तो चोरदरोडेखोरांसही मिळेल, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून आपल्या देशात शस्त्र हा हक्क नाही, ती सरकारने कारण पाहून दिलेली मोकळीक आहे. अमेरिकेत आज अर्ध्याहून अधिक राज्यांत परवान्यावाचूनही लपवून पिस्तूल बाळगता येते. तेथील लोक त्यामुळे निर्धास्त झाले आहेत, असे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणासही वाटत नसेल.

आता स्वस्ताईविषयी. बंधूंना वाटते की पहिलेच हत्यार आहे, तर फार खर्च कशाला. आपल्याकडे सामान्य माणसास मिळू शकणारे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ मापाचे असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, आत सहा गोळ्या, आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जिच्यावर अत्याचार झाला त्या मुलीची आठवण त्या नावात ठेविली होती, आणि ते स्त्रियांनी घ्यावे असा गाजावाजा होता. सव्वा लाख रुपये देऊन निर्भीक होणे किती स्त्रियांस परवडले असेल, हे वाचकांनीच ताडावे. मागाहून ईशापूरच्या कारखान्याचे .२२ मापाचे ‘निडर’ निघाले. ते वजनाने निम्मे व किंमतीने बरेच कमी. २०२३ मध्ये कानपुराहून ‘प्रबल’ आले. ह्या नावांची आम्हांस मोठी मौज वाटते. भ्यालेला मनुष्य दुकानात जातो आणि निर्भीक, निडर व प्रबल अशा नावांच्या वस्तू फळीवरून उतरवून हातात तोलून पाहतो. ज्याची उणीव आहे त्याचेच नाव लोखंडावर कोरलेले!

ह्याहून स्वस्त म्हणजे गावठी कट्टा. ‘परवान्याची यातायात नको’ म्हणून तो घ्या असे सांगणारा मित्र बंधूंना भेटलाच असेल, कारण असा मित्र प्रत्येकास भेटतो. त्याविषयी एकच वाक्य पुरे: तो बाळगणे हा गुन्हा आहे, तो बाळगणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो, आणि त्यास परवाना कधीच मिळत नाही.

परवान्याची वाट सरळ आहे, पण लांब आहे. वय २१ वर्षे पुरे असावे लागते. अर्ज गोंदियास जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याची शिकवणी घ्यावी लागते. पोलीस चौकशी करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो आणि एका माणसास दोहोंहून अधिक हत्यारे ठेवता येत नाहीत. निवडणूक आली की पुष्कळांस आपले हत्यार पोलिसांकडे जमा करावे लागते. इतके सोपस्कार असूनही कारणावाचून दिलेले परवाने किती साचतात, हे बीड जिल्ह्याने दाखविले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचा खून झाल्यावर चौकशी निघाली, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेंहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले, आणि त्यांतील शेकडो पुढे रद्द करावे लागले. ज्याच्या त्याच्या कमरेस संरक्षण लटकत होते, आणि संरक्षित मात्र कोणीच नव्हते.

बंधूंनी सहा गोळ्या झाडून पाहिल्या, ह्यात चूक काही नाही. ज्यास हत्यार घ्यावयाचे आहे त्याने ते आधी चालवून पाहावे. न पाहता घेणारा अधिक धोक्याचा. पण त्या परीक्षेत कशाची परीक्षा झाली? मैदानावर उजेड होता, शिकविणारा बाजूस होता, आणि समोरचा कागद हलत नव्हता. जंगलातल्या वळणावर काळोख असेल, एक हात दुचाकीच्या मुठीवर असेल, आणि समोर कागद नसून एक माणूस असेल. प्रेषित पेत्राने गेथशेमानेत तलवार उपसली तेव्हा त्याने मल्खाच्या कानावर थोडाच नेम धरला होता! घाबरलेल्या हाताने जे साधले ते साधले, आणि तो कान प्रभूस बरा करावा लागला. आपल्या गोळीने फुटलेले काही आपणांस बरे करता येणार नाही.

शिवाय लपविलेल्या शस्त्राने चोर भीत नाही, कारण ते त्यास दिसत नाही. ते कामास येते ते केवळ त्या एका क्षणी, जेव्हा ते बाहेर काढून झाडावयाचे असते. म्हणजे शेतकऱ्याच्या बंदुकीप्रमाणे ‘दिसली तरी पुरे’ असे त्याचे नाही. ते कमरेस लावणाऱ्याने रोज सकाळी सदरा घालताना एक निश्चय अंगावर चढविलेला असतो, की आज वेळ आली तर मी एका माणसाचा जीव घेईन. हा निश्चय मनात बाळगून तो बाजारात हिंडतो, उधारी मागतो, तंटे सोडवितो, रविवारी मंदिरात बाकावर बसतो, सोबत्याचा हात हातात घेतो. सोबत्यास ठाऊक नाही. ह्यास ठाऊक आहे. प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे ‘हा तर नव्हे?’ असे पाहण्याची सवय डोळ्यांस लागते, आणि ही सवय संध्याकाळी खुंटीवर काढून ठेविता येत नाही. हत्यार काढून ठेविता येते, पण त्यातही धोका चुकत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईस चित्रपटनट गोविंदा ह्यांच्या पायास त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरातील गोळी लागली. ते कपाटात ठेवीत असता हातून पडले व सुटले. तेथे चोर नव्हता, अंधारी वाट नव्हती, आपलेच घर होते.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही छापखान्यात बसून बोलता, जंगलातून तुम्हांस जावे लागत नाही.’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही उडवून लावणार नाही. ज्यास नाव घेऊन धमकी आली आहे, ज्याने न्यायालयात साक्ष दिली म्हणून ज्याच्या पाळतीवर माणसे आहेत, त्याने परवान्याने शस्त्र ठेविले तर त्यास दोष देणारे आम्ही कोण? ‘देव राखील’ असे दुसऱ्याच्या जिवाविषयी बोलणे फार सोपे असते. पण ह्या बंधूंस कोणाची धमकी नाही. त्यांच्या पिशवीस धोका आहे, आणि पिशवी हलकी करता येते. धानाचे पैसे हल्ली निम्म्याहून अधिक लोक दूरध्वनीवरून देऊ शकतात. बाकीचे दुपारीच बँकेत भरता येतात. दोघातिघा व्यापाऱ्यांनी मिळून एका वेळी निघता येते. हे फार साधे उपाय आहेत, सव्वा लाखाचे नाहीत, म्हणूनच कदाचित सुचले नसावेत. त्याच वाटेने रोज जाणारे इतरही भ्यालेले आहेत, हे त्यांस ठाऊक आहे काय? त्यांच्याशी ते ह्याविषयी बोलले आहेत काय? पत्रावरून तसे दिसत नाही. डुग्गीपारच्या पोलीस ठाण्यात सर्वांनी मिळून अर्ज दिला, तर संध्याकाळची गस्त मागता येईल. नहेम्याचा कर्णा तो हाच.

म्हणून त्यांनी मागितल्याप्रमाणे आमचे उत्तर: ह्या कारणासाठी, ह्या रीतीने, घेऊ नये. तरीही त्यांनी घ्यावयाचेच ठरविले, तर अर्जात गरजेचे कारण लिहावे लागते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे, लिहून देणाऱ्याकडून नव्हे, आणि पाठविण्यापूर्वी आपल्या पत्नीस मोठ्याने वाचून दाखवावे. घरात मुले आहेत असे ते कळवितात. तेव्हा हत्यार एका कुलुपात, गोळ्या दुसऱ्या कुलुपात, आणि दोन्ही किल्ल्या कोठे आहेत हे त्या बाईस ठाऊक असलेच पाहिजे. तिला न सांगता घ्यावे काय, असाही प्रश्न त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात, विचारला आहे. त्याचे उत्तर आम्ही मोठ्या अक्षरात देतो: मुळीच नाही.