भूतदया कोणावर?

लोणी भापकर येथे यज्ञवराहाची पाषाणमूर्ती आहे. पृथ्वीला वर काढण्यासाठी देवाने पशूचे रूप घेतले. म्हणजे पशूही त्याचा आणि पृथ्वीही त्याचीच.

याच बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली झाले; अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. शेताशिवारांत गवताचे जणू बेटच! तेथल्या चिंकारा हरणांमागे मोकाट कुत्री लागतात, पाडसे फाडतात. कुत्र्यांचे रोग लांडग्या-खोकडांनाही जडतात.

आता वाचकहो, दया कोणावर करावी? भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, हे आपण कीर्तनात रंगून ऐकतो. पण आपण काय करतो? उष्टे माळावर फेकतो, नको झालेली पिल्ले तिकडेच सोडतो, आणि वर पुण्य म्हणतो! कुत्र्याचा यात काय दोष? त्याला मारणे हे पाप, शिवाय कायद्यानेही गुन्हा. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करावी, लस टोचावी. आपले कुत्रे दारी बांधावे आणि घासही दारीच घालावा. कधी हात आखडणे हीसुद्धा दयाच असते. पाडसाच्या डोळ्यांतही तोच पांडुरंग आहे, एवढे ध्यानी धरले म्हणजे झाले.